वाकड्या कडेची ताडपत्री

३ फेब्रुवारी

वहिनी,

आधी बातमी सांगते, तब्येत मागून विचारते. तब्येत आधी विचारली की तू दोन पानं गुडघ्यांवर लिहितेस आणि माझी बातमी बिचारी ताटकळत बसते. फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

तर बातमी. मी सावकाश मंडळात नाव घातलं आहे. मंडळ डोंगर चढणाऱ्यांचं आहे, पण सगळे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे, म्हणून नावातच कबुली देऊन टाकली आहे. आमचे प्रमुख शिट्टीवाले. जन्मभर फुटबॉलचे पंच होते. मैदान सुटलं, शिट्टी सुटली नाही. कुणी दम खायला बसलं की शिट्टी, कुणी उठलं की शिट्टी. परवा एका काकूंना शिंक आली तर त्यांनी सवयीने फाऊल दिला. मला आवडलं. दिवसभर दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून मी गाल सुजलेल्या माणसांना "बसा, बोलावते" म्हणत असते. त्यापेक्षा फाऊल बरा.

एप्रिलमध्ये मंडळ डोंगरावरच्या तळ्यापाशी मुक्कामाला जाणार आहे. तेच तळं, वहिनी. दादा जायचा ते. नियम असा की ज्याने त्याने आपलं छप्पर आपल्या पाठीवर न्यायचं. दुकानात जाऊन एक तंबू उचलून बघितला आणि तिथेच ठेवून आले. पाठ म्हणाली, तू जा, मी येत नाही. तेव्हा दादाची ताडपत्री आठवली. पिशवीत मावते, वजन नावाला, दोन काठ्या, चार दोऱ्या, झालं घर. दर महिन्याला एक रात्र तो तिच्याखाली काढून यायचा आणि मी विचारलं की म्हणायचा, "राजासारखा झोपलो."

मला एक रात्र त्या जागी, त्याच ताडपत्रीखाली झोपायचं आहे. दादाचं दुसरं काही मी मागितलं नाही, मागणारही नाही. पाठव.

हां, आता सांग. गुडघे कसे आहेत?

तुझी नणंद

*

११ फेब्रुवारी

वन्सं,

गुडघे आहेत तसेच. बघा, एका ओळीत आटोपलं.

ताडपत्री सापडली. वर्षभर मी तिला रेनकोट समजत होते. एका पावाएवढी पिशवी, आणि तिच्यातून कापड निघायला लागलं ते निघतच राहिलं. पुढच्या खोलीत पसरलं तर सोफा गेला, टेबल गेलं, टीव्ही गेला. म्हटलं, आता एवढी काढलीच आहे तर उभी कशी करतात बघू. एक टोक पडद्याच्या दांडीला बांधलं, एक शिवणमशीनच्या पायाला, एक दाराच्या कडीला. चौथ्याला काहीच उरलं नाही, म्हणून ते हातात धरून मी आत बसले. छान वाटत होतं. हिरवा उजेड पडला होता. तेवढ्यात शेजारच्या बाई कात्री परत द्यायला आल्या. त्यांनी दार उघडलं आणि घर माझ्या अंगावर आलं. मी खालूनच म्हटलं, "या ना, बसा." त्या म्हणाल्या, "कुठे?"

पिशवीच्या तळाशी कुसळं निघाली. हे परत आले की मी ह्यांना दारातच उभं करायची आणि मोज्यातली कुसळं काढल्याशिवाय आत घ्यायची नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तीच कुसळं. टाकायला गेले आणि टाकली नाहीत. टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवली आहेत. कापडाला धुराचा वास आहे आणि तो पाठीला लावायच्या मलमाचा.

पाठवते. पण लगेच नाही. तिच्यावर थोडं काम आहे, ते उरकलं की पाठवते. एप्रिल अजून लांब आहे.

तुमची वहिनी

*

१४ फेब्रुवारी

ताडपत्रीच्या लेबलावर ज्यांचा पत्ता आहे त्यांस,

मी पडदे शिवते. आयुष्य त्यातच गेलं, तेव्हा मला कापडातलं कळत नाही असं कृपया समजू नये.

आपल्याकडची एक ताडपत्री माझ्या यजमानांनी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतली. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. आठवडाभर लिफ्टच्या भुयारात असायचे, म्हणून सुट्टीत उघड्यावर झोपायला जायचे. आता ते नाहीत. ताडपत्री परवा प्रथमच मी नीट पाहिली. कापड उत्तम आहे. टाके बारीक आहेत. पण चारही कडा वाकड्या! कोपऱ्यापासून मधे जाता जाता कड आत जाते, जवळजवळ वीतभर, आणि मग परत बाहेर येते. एक कड वाकडी असती तर म्हटलं असतं, कापणाऱ्याला शिंक आली. चारही वाकड्या म्हणजे त्याचं लक्षच नव्हतं. माझे यजमान साधे होते. कुणी दोन डाव्या बाह्यांचा शर्ट दिला असता तरी "मस्त आहे" म्हणाले असते. पण म्हणून वाटेल ते खपवायचं का?

मी टेप लावून, खडूने आखून चारही कडा सरळ केल्या आहेत. कोपऱ्यांवरचं जास्तीचं कापड काढावं लागलं. ते तुकडे पुरावा म्हणून सोबत जोडत आहे. दोरीचे फासे नव्या कोपऱ्यांवर पुन्हा शिवले. नंतर ताणून पाहिलं तर मधे झोळ येतो असं दिसलं. म्हणून मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुहेरी पट्टी टाचून दिली. आता पोट सुटत नाही. आपणही यापुढे तसंच करावं.

भरपाई नको. कापणाऱ्याला फक्त समज द्यावी.

एक पडदेवाली

*

२ मार्च

वहिनी,

काम काय आहे तिच्यावर एवढं? ताडपत्री आहे ती, नवरी नाही.

इकडे मी पलंगावरची चादर घेऊन बागेत सराव करते आहे. शिट्टीवाले म्हणतात, छप्पर ढोलासारखं ताणलेलं पाहिजे, बोट मारलं की वाजलं पाहिजे. माझी चादर वाजत नाही, उसासा टाकते. काल मी ती दोन बाकांच्या मधे बांधून खाली आडवी झाले. डोळा लागला. जाग आली तर बागेचा रखवालदार वाकून बघत होता. म्हणाला, "बाई, घरी काही झालंय का? पोराबाळांनी बाहेर काढलं का?" मी म्हटलं, "नाही हो, सराव करतेय." तर तो आणखीच कळवळला. आपला चहा मला देऊन गेला. आज फाटकातून आत जाताना त्याने बायकोची जुनी शाल हातात ठेवली. नको म्हटलं तर त्याला वाईट वाटतं आणि घेतली तर मला वाटतं. शेवटी घेतली. उबदार आहे.

पण माणसाने किती दिवस दया खायची? लवकर पाठव. आणि काही झालं तरी धुऊ नकोस. दादाचा वास जाईल.

तुझी नणंद

*

२० मार्च

वन्सं,

आज पार्सल टाकलं. धुतली नाही. इस्त्रीही केली नाही, हात शिवशिवत होते तरी.

काय काम केलं ते लिहीत नाही. चांगली शिलाई दिसत नाही, नुसतं बरं वाटतं. तुम्हालाही खाली झोपल्यावर कळेल. एवढंच सांगते, ह्यांना हे इतक्या वर्षांत मिळायला हवं होतं.

टपालाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, आत काय आहे? मला पटकन सांगता येईना. मागे रांग लागली. शेवटी म्हटलं, छप्पर. त्याने पार्सल हातात तोलून पाहिलं आणि माझ्याकडेही.

जपून वापरा. झालं की परत पाठवलीत तरी चालेल. घाई नाही, पण पाठवलीत तरी चालेल.

तुमची वहिनी

*

३ एप्रिल

पडदेवाल्या बाईंस,

आपलं पाकीट फार जाड होतं. कुणी कापडाचे नमुने पाठवले असतील म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं होतं. काल उघडलं. आमच्या शिलाईवाल्या मावशींनी आतले तुकडे पाहिले आणि त्या खालीच बसल्या. त्यांना पाणी दिलं.

बाई, कापणारा मीच. मला शिंक आली नव्हती. ती कड वाकडी नाही, वळणदार आहे आणि मुद्दाम तशी आहे. दोन खिळ्यांना एक साखळी टांगून बघा. ती मधे जसा झोका घेते तीच रेघ आम्ही कापडावर आखतो. तशी कड ताणली की ओढ सगळीकडे सारखी जाते आणि कापड ढोलासारखं बसतं. सरळ कड ताणली तर कोपरे तेवढे ताणले जातात, मधलं कापड मोकळं राहतं आणि वारा आला की फडफडतं. पडद्याचं काम लोंबणं, ताडपत्रीचं काम न लोंबणं. एवढाच काय तो फरक, पण तो आपण कात्रीने मिटवलात.

आता मधल्या पट्टीविषयी. ती आपण टाचलेली नसेल, नुसता विचार असेल, अशी मी आशा करतो. पाणी अडवणाऱ्या कापडाला मधोमध सुई लावली की प्रत्येक टाका म्हणजे एक नळ. टाचलीच असेल तर ती पट्टी उसवून काही होणार नाही, भोकं राहतातच. तेवढं कापड मधून कापून काढायचं, दोन्ही भाग एकावर एक घ्यायचे आणि आमच्या डिंकाने चिकटवायचे. डबा सोबत पाठवतो आहे. तोवर तिच्याखाली कुणी झोपू नये.

आपल्या यजमानांना दोष देऊ नका. त्यांनी चांगली वस्तू घेतली होती.

तंबूवाला

*

७ एप्रिल (कार्ड)

वन्सं,

तळ्याकडे जाऊ नका. मला वाईट स्वप्न पडलं. स्वप्नात पाऊस होता आणि तो फक्त तुमच्यावर पडत होता.

वहिनी

*

१४ एप्रिल

वहिनी,

तुझं कार्ड निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. शिट्टीवाल्यांना दाखवलं. ते म्हणाले, स्वप्नामुळे सामना रद्द होत नाही. तुझं स्वप्न अक्षरशः खरं झालं. पुढच्या वेळी नुसतं स्वप्न सांगू नकोस, छत्री पण पाठव.

चढताना सगळं ठीक होतं. तळं सुंदर आहे. दादा म्हणायचा तसं, एका बाजूला सपाट खडक, दुसऱ्या बाजूला गवत. मी गवतात ताडपत्री बांधली. पुस्तकातल्यासारख्या गाठी मारल्या. शिट्टीवाल्यांनी येऊन बोट मारलं. ती वाजली नाही. त्यांनी दोऱ्या ओढल्या, काठ्या हलवल्या, खुंट्या बदलल्या. कोपरे तारेसारखे ताठ झाले आणि मधलं कापड आपलं ढिम्म. वारा सुटला आणि ती फडफडायला लागली. अशी फडफडली, वहिनी, की पलीकडच्या काकूंनी ओरडून विचारलं, "कोंबडी आणलीय का कुणी?"

मग पाऊस आला. मोठा नव्हता. बाकीच्यांच्या छपरांवर नुसती टपटप. माझ्या छपराला मात्र मधोमध एक ओळ फुटली आणि तिच्यातून एकेक थेंब पडायला लागला, हजेरी घेतल्यासारखा. कपाळ, नाक, हनुवटी, पोट, गुडघे. मी कुशीवर वळले तर कान. मी पाय डोक्याकडे केले तर तीच हजेरी उलटी. शेवटी मी शिट्टीवाल्यांच्या तंबूच्या पुढच्या पडवीत, सगळ्यांच्या बुटांमधे जाऊन झोपले. सकाळी उठले तर एका बुटाच्या नाडीचा ठसा गालावर. दवाखान्यात आल्यावर डॉक्टर म्हणाले, "कुठला दात?"

इथवर हसून सोडून देता येईल. पण नंतर मला विचार पडला, आणि तो जाईना.

दादा वर्षानुवर्षं सांगायचा, राजासारखा झोपलो. वहिनी, त्या ताडपत्रीखाली कुणीही झोपू शकत नाही. माणूसच काय, बेडूक असता तर उठून गेला असता. म्हणजे एकतर दादा रात्र-रात्र भिजत बसायचा आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून हसून सांगायचा. ते मला सहन होत नाही. नाहीतर तो तळ्यावर जातच नव्हता. मग जात कुठे होता?

मन घट्ट कर. मी चौकशी सुरू केली आहे. मी काउंटरवर बसून इतक्या रहस्यकथा वाचल्या आहेत की मला पहिली पायरी माहीत आहे. डोंगराच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे. मी चहावाल्याला दादाचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "बघितल्यासारखा वाटतो." मी म्हटलं, एकटा असायचा की कुणी बरोबर? तो म्हणाला, "चहा घेणार का?" टाळलं ना त्याने! आता मी दादाच्या लिफ्टच्या कंपनीत पत्र टाकणार आहे. त्याच्याबरोबर कामाला होते ते सगळे काही गेले नसतील.

लहानपणापासून मी त्याचं एक वाक्य खोटं धरलं नाही. आता प्रत्येक वाक्य उलटून बघते आहे. हे फार वाईट आहे, वहिनी. गेलेल्या माणसाला विचारता पण येत नाही.

ताडपत्री तुला परत नको असेल. शिट्टीवाले त्यांच्या स्कूटरवर घालायला मागताहेत. देऊन टाकते.

तुझी नणंद

*

१८ एप्रिल

वन्सं,

स्कूटरवर घातली असेल तर आत्ता उठून काढा. मग पुढे वाचा.

लिफ्टच्या कंपनीत पत्र टाकू नका. चहावाल्याला सोडा. हे तळ्यावरच जायचे आणि सुखाने झोपायचे. ती ताडपत्री ढोलासारखी वाजायची आणि तिच्यातून एक थेंब आत येत नव्हता. कारण तोवर तिला माझी कात्री लागली नव्हती.

कडा वाकड्या होत्या. मी सरळ केल्या. त्या वाकड्याच असायच्या असतात, हे मला तंबूवाल्याने नंतर कळवलं. तुमच्या नाकावर पाणी टाकणारी ती मधली ओळ, तीही मीच टाचली. दुहेरी टीप मारली, हलू नये म्हणून. स्वप्न मला पडलं नव्हतं. तंबूवाल्याचं पत्र आलं होतं. ते सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून स्वप्न पडलं.

तुम्ही ती मागितलीत तेव्हा मला द्यायची नव्हती. तुम्हाला नाही कसं म्हणणार? तुमचा तो भाऊ. म्हणून काम काढलं. काम निघालं म्हणजे ती माझ्या टेबलावर राहणार, एवढंच मनात होतं. आणि एकदा कापड टेबलावर आलं की माझा हात थांबत नाही. ह्यांच्या शर्टाची बटणं तुटलेली नसली तरी मी घट्ट करून ठेवायची. वर्ष झालं, घट्ट करायला बटणंच नाहीत. ताडपत्री हाताला लागली तर तिलाच धरलं.

माझ्यावर काय रागवायचं ते रागवा. ह्यांच्यावर एक शब्दही नको. ह्यांना खोटं बोलता यायचं नाही. कान लाल व्हायचे, तुम्हाला माहीत आहे.

ताडपत्री पाठवा. दुरुस्त होईल असं तंबूवाला म्हणतो.

तुमची वहिनी

*

२३ एप्रिल

वहिनी,

मी तुझ्यावर इतकी रागावले आहे की आज अक्षर सुद्धा सुधारलं आहे.

माझ्या भावाची ताडपत्री! पडद्यासारखी! सरळ! अगं, तुझ्या घरातले पडदे बघितलेत का कुणी कधी पावसात झोपून? आणि वर स्वप्न! मी ते कार्ड सगळ्या मंडळात फिरवलं. तुला दिव्य दृष्टी आहे म्हणून दोन काकू तुला भेटायला यायच्या म्हणताहेत. आता त्यांना काय सांगू? त्यातल्या एकीला लेकाच्या लग्नाचं विचारायचं आहे.

पण खरं सांगते. पत्र वाचलं आणि आधी राग आला नाही. आधी मी दवाखान्याच्या काउंटरवर बसल्या बसल्या रडले, सुटल्यासारखी. समोरचा पेशंट म्हणाला, "इतकं दुखतं का हो आत?" आणि उठून गेला तो परत आला नाही.

संध्याकाळी बस धरून डोंगराच्या पायथ्याशी गेले. चहावाल्याला म्हटलं, मी त्या दिवशी फोटो दाखवला तो माझा भाऊ. तो फार सरळ माणूस होता. चहावाला म्हणाला, "मी कुठे वाकडा म्हणालो?" मग दोघांनी चहा घेतला.

स्कूटरवरून काढली. शिट्टीवाल्यांनी स्वतः घडी घातली. सोबत पाठवते आहे. तू नीट कर आणि मला परत दे. तुझ्याकडे ठेवून घेऊ नकोस. पुन्हा काही काम काढशील. मी आता तुला ओळखते. एक रात्र मला तिच्याखाली कोरडं झोपायचं आहे, ते अजून व्हायचंय.

तुझी (अजून तरी) नणंद

*

३० मे

वन्सं,

वेळ लागला. या वेळी हात मुद्दाम सावकाश चालवला.

तंबूवाल्याने लिहिलं होतं तसं केलं. भिंतीवर दोन खिळे ठोकले, पडद्याची साखळी टांगली आणि तिच्या मागे कागद धरून रेघ काढली. आधी वर्तमानपत्रावर कापून पाहिली, मग जुन्या अस्तरावर, मग खऱ्यावर. वाकडं कापताना माझे दात शिवशिवत होते. पण ताणून बोट मारलं आणि ती वाजली, वन्सं. शेजारच्या बाईंना बोलावून वाजवून दाखवली. त्या म्हणाल्या, "गाणं पण म्हणणार का?" आता त्या दार वाजवल्याशिवाय आत येत नाहीत.

मधली भोकांची ओळ कापून काढावी लागली. म्हणजे ताडपत्रीचे दोन भाग झाले. तंबूवाल्याचा डिंकाचा डबा समोर होता. एकावर एक ठेवून चिकटवायचं, दाबून ठेवायचं, संपलं. मी झाकण उघडलं, आणि पुन्हा लावलं.

एकच झाली असती तर ती तुमच्याकडे गेली असती. मला ते नको होतं. न पाठवता ठेवली असती तर तुम्हाला ती रात्र मिळाली नसती, आणि तेही मला नको होतं. म्हणून मी चिकटवली नाही. एका भागाच्या कडेला लाकडी गुंड्या लावल्या, दुसऱ्याला दोरीचे फासे. वरून कापडाची रुंद झडप येते, पाणी आत जात नाही. ती झडप मात्र डिंकाने बसवली आहे, सुई कुठेही मधे लावलेली नाही. हे करण्याआधी तंबूवाल्याला लिहून विचारलं होतं, चालेल का? त्याने उत्तर दिलं: "चालेल. पण या वेळी आधी विचारलंत, हे पाहून मावशींना भरून आलं."

तुमचा अर्धा भाग सोबत आहे. गुंड्या तुमच्याकडे, फासे माझ्याकडे. एकेकटीने काही उपयोग नाही.

मी कधी डोंगर चढलेले नाही. ह्यांचं ते ह्यांच्यापुरतं होतं, आणि मला त्यात जायचं कधी सुचलं नाही. चढेन की नाही माहीत नाही. पण माझा अर्धा भाग पिशवीत भरून पाहिला. जड नाही.

तुमची वहिनी

*

६ जून

वहिनी,

पार्सल उघडलं आणि किंचाळले. तू ती पुन्हा कापलीस! दवाखान्यातून डॉक्टर बाहेर आले, हातात चिमटा. मी म्हटलं, काही नाही, माझ्या वहिनीने भावाची ताडपत्री अर्धी केली. ते म्हणाले, "वारशाचा वाद का?" मी म्हटलं, हो.

घरी येऊन ती एकटी बांधून पाहिली. आडवी झाले तर डावी बाजू आत, उजवी बाहेर. उजवी आत घेतली तर डावी बाहेर. उभ्याने झोपायचा विचार केला. मग खाली बसून गुंड्या बघितल्या. सगळ्या एका मापाच्या, एका अंतरावर, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, दोरी अडकू नये म्हणून. त्या बघता बघता माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. शोधला, सापडला नाही.

तर आता ऐक. पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने इकडे ये. तुझ्या गुडघ्यांविषयी शिट्टीवाल्यांशी बोलून ठेवलं आहे. ते म्हणाले, हव्या तेवढ्या वेळा खाली बसू दे, एकदाही शिट्टी वाजवणार नाही. हा मंडळातला सर्वात मोठा मान आहे, अजून कुणाला मिळालेला नाही. बागेतल्या रखवालदाराची शाल तुझ्यासाठी ठेवली आहे. कात्री घरी ठेवून ये. मी पिशवी तपासणार आहे. तळ्यापाशी मी खडकाच्या बाजूला झोपणार, तू गवताच्या. मी घोरते, ते आत्ताच सांगून ठेवते. तुला झोप लागली नाही तर मला उठवायचं, एकटी जागत बसायचं नाही. मग आपण दादाविषयी बोलू, किंवा नाही बोलू.

आणि एक रात्र झाली की माझं मागणं संपलं असं समजू नकोस. मी तसं लिहिलं होतं खरं, पण तेव्हा ताडपत्री पूर्ण होती. आता गुंड्या माझ्याकडे आहेत, तेव्हा कधी जायचं ते मी ठरवणार. जुलैत पाऊस फार असतो, म्हणून जुलै सोडला. ऑगस्टचा दुसरा शनिवार धरून ठेव. सप्टेंबरचा तू इकडे आलीस की सांगते.

तुझी नणंद